यंत्रपाखरं आणि चिमाकाकूंचा भोपळा

सकाळी राजवाड्याच्या गच्चीवरून साठ यंत्रपाखरं उडाली, ती दुपार झाली तरी एकही परतलं नाही!

राजा भद्रसेन येरझाऱ्या घालत होता. पेठेतला माल घरोघर पोचवायला त्यानं ही पाखरं मोठ्या हौसेनं घडवून घेतली होती. पाखरानं टोपली दारात ठेवायची, माणसांनी वस्तू काढून घ्यायची, की रिकामी टोपली घेऊन पाखरू परत. त्यांच्या भरवशावर राजानं कालच चाळीस हरकाऱ्यांना नारळ दिला होता!

प्रधानजी धापा टाकत आले. "महाराज, पाखरं सुखरूप आहेत, पण उडेनात!"

"का?"

"रिकामी टोपली कुणी परत देईना! चिमाकाकूंनी तर भोपळा घातलाय. पाखरू शेरभरच उचलतं, ते नुसतं घरघरत बसलंय. तर काकू म्हणाल्या, 'दमलं गं बाई!' आणि वर दोन लाडू ठेवले!"

"दवंडी पिटा! टोपल्या रिकाम्याच पाठवा म्हणावं!"

"पिटली, महाराज. काकू म्हणाल्या, 'भरल्या घरातून रिकामी टोपली? राजा असला म्हणून काय झालं!'"

दाराशी कुणीतरी खुदकन हसलं. त्या हरकाऱ्यांपैकी एकाची लेक सगुणा वडिलांच्या नोकरीचं गाऱ्हाणं घेऊन आली होती.

"हसतेस काय?" राजा कडाडला. "मग तूच आण पाखरं परत! दिवेलागणीच्या आत, त्यांच्याच पंखांनी. टोपली रिकामी येता कामा नये, की कुणाचा मान दुखावता कामा नये. जमलं तर हरकारे कामावर. नाही तर पुन्हा नाव काढायचं नाही!"

"जशी आज्ञा, महाराज."

सगुणेनं थेट चिमाकाकूंचं घर गाठलं आणि त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. काकूंनी अंगणातल्या तुळशीकडे पाहिलं. "अगबाई, हे मला कसं नाही सुचलं!" मग एका घरून दुसऱ्या घरी बातमी गेली.

ऊन कलतं न कलतं तोच आभाळ घरघरलं. साठच्या साठ पाखरं गच्चीवर उतरली! राजानं पहिल्या टोपलीत डोकावलं. आत तुळशीचं एक पान. दुसरीत पाहिलं, तिथंही तेच.

"एक पान? माझ्या प्रजेचा हात इतका आखडता?"

"महाराज," मागोमाग आलेली सगुणा म्हणाली, "पाच पक्वान्नं वाढली तरी तुळशीचं पान ठेवल्याशिवाय नैवेद्य पुरा होत नाही. आणि काहीच नसलं, तर नुसत्या पानावरही देव तृप्त होतो. देवाला जे पुरतं, ते राजवाड्याला कमी कसं पडेल?"

राजानं ते पान उचलून कपाळाला लावलं. मग हळूच म्हणाला, "आणि तो भोपळा?"

"उंबऱ्याशी काढून ठेवलाय. साठ घरी साठ भेटी वाट बघताहेत, त्या आणायला हरकारे पाठवा. वस्तू पाखरूही पोचवील, महाराज. पण 'बस रे, दोन घास खाऊन जा' म्हटल्यावर बसायला माणूसच हवा!"

राजा असा हसला, असा हसला, की पगडी सावरता सावरता पुरेवाट! त्यानं हातातलं सोन्याचं कडं काढून सगुणेला दिलं.

"बोलवा सगळ्या हरकाऱ्यांना! आणि ऐक पोरी, आजपासून त्यांची आणि पाखरांची, दोघांचीही नाईक तू!"