वानराने चुकवलेला सराव

बर्फाच्या एका उंच शिखराखाली देवदारांचे दाट रान होते. तिथे एक म्हातारा रानबोकड राहत असे. शिखरावर जायची वाट त्या एकट्यालाच ठाऊक होती. दर उन्हाळ्यात तो दोन प्राण्यांना वर घेऊन जाई. पण मुलांनो, त्याआधी दोन महिने तो त्यांच्याकडून कसून सराव करून घेई. पाठीवर दगड बांधून रोज टेकडी चढायची आणि मग बर्फाच्या उतारावर मुद्दाम पडायचे. "पडलात की लगेच पोटावर वळा आणि नखे बर्फात रोवा," तो सांगे. "वर आपण तिघे एकाच दोराला बांधलेले असणार. एक घसरला की तिघेही खाली."

त्या वर्षी त्याच्याकडे एक साळू आणि एक वानर आले. साळूचे वय झाले होते; पाय आखूड, अंगावर काट्यांचा भार. "एकदा तरी आपले रान वरून बघायचे आहे हो," ती म्हणाली. धापा टाकत, थांबत थांबत ती टेकडी चढे. पण तिने एकही दिवस चुकवला नाही. वानराला मात्र या साऱ्याचे हसू येई. "माझा जन्म झाडावर गेला. मला काय पडायला शिकवता?" असे म्हणून तो जर्दाळूच्या झाडावर जाऊन बसे. निघायच्या आदल्या दिवशी बोकडाने विचारले, "उतारावरचा सराव पुरा केलास ना?" "केला की! काल दहा वेळा पडलो," वानर म्हणाला. बोकडाने त्याच्या तळव्यांकडे पाहिले. त्यांवर एकही ओरखडा नव्हता. पण वानर इतका आनंदात होता, की बोकडाला पुन्हा विचारवले नाही.

पहाटे तिघे स्वतःला वेलीच्या दोराला बांधून घेऊन निघाले. पुढे बोकड, मध्ये साळू, मागे वानर. ऊन चढू लागले, हवा विरळ झाली आणि वानराचे पाय लटपटू लागले. "परत फिरायचे का रे?" बोकडाने विचारले. "छे, मला काही झालेले नाही!" वानर म्हणाला. शिखर शंभर पावलांवर आले असताना त्याचा पाय सटकला. झाडावर असते तशी फांदी धरायला त्याने हात वर फेकले. तिथे फांदी कुठली? तो पाठीवर घसरत गेला, दोर ताणला आणि साळूही ओढली गेली. तिने झटकन पोटावर वळून नखे रोवली. बोकडाने पुढचा पाय खडकाच्या फटीत घट्ट अडकवला. दोर थांबला. तिघे वाचले, पण बोकडाचा पाय मोडला.

साळूने एकदा शिखराकडे पाहिले आणि ती खाली वळली. बोकडाला आधार देत उतरायला त्यांना दोन दिवस लागले. पाय जुळला, पण वाकडाच. बोकड पुन्हा बर्फावर जाऊ शकला नाही. तो हिवाळा साळूला सोसला नाही. ती गेली तेव्हा वानर तिच्या बिळाबाहेर बसून होता.

पुढच्या वसंतात वानर एकटाच दगड बांधून टेकडी चढू लागला. उतारावर पडून पडून त्याचे तळवे सोलून निघाले. दोन महिन्यांनी तो बोकडासमोर उभा राहिला. "आता मी तयार आहे," तो म्हणाला आणि त्याला रडू कोसळले. "मी खोटे बोललो होतो. तुम्ही मला रागावला का नाहीत?"

"रागावून काय करू?" बोकड हळूच म्हणाला. "तुझे तळवे मी पाहिले होते. मीच पुन्हा विचारायला हवे होते. तू आता खरोखर तयार आहेस, लेका. पण तुला वर नेणारे पाय माझ्याजवळ उरले नाहीत."

तात्पर्य : जिथे आपल्यावर इतरांचा जीव अवलंबून असतो, तिथे तयारीबद्दल खोटे बोलू नये; मागाहून कितीही मेहनत केली, तरी त्यांचे झालेले नुकसान भरून निघत नाही.