जुन्या सेल्फचा सल्ला

गाड्यांचे सुटे भाग आपसांत बोलत, त्या काळची ही गोष्ट. केतकी नोकरीसाठी पहिल्यांदाच एकटी गाडी घेऊन चिपळूणला निघाली होती, आणि गाडी सुरूच होईना. चावी फिरवली की नुसतं 'टक्' वाजे.

तिच्या आईने, यमुनाताईंनी, दिवे लावून पाहिले. ते लख्ख होते, म्हणजे बॅटरी ठीक होती. इंजिनाला पहिला फेरा देणारी मोटर, म्हणजे सेल्फच थकला होता. ताईंनी बॅटरीची तार सोडवली, बोल्ट काढले आणि नवा सेल्फ जुन्याशेजारी ठेवला.

"मी इंजिनाला जन्मभर धरून ठेवीन," नवा ऐटीत म्हणाला.

"तसं नको रे बाबा," जुना म्हणाला. "ते फिरायला लागलं की लगेच हात सोड. धरून बसलास तर दोघांच्याही चाकांचे दात झिजतील."

"आणि ते मला विसरलं तर?"

"विसरू दे. ते चालतंय ना, तेवढं ऐकत राहायचं."

ताईंनी नवा सेल्फ बसवला. केतकीने चावी फिरवली, इंजिन घुमलं आणि सेल्फने हात सोडला. गाडी फाटकाबाहेर पडली. जुना सेल्फ हातात घेऊन यमुनाताई थोडं तिच्यामागे चालत गेल्या, मग थांबल्या, आणि वळणापलीकडे आवाज विरेपर्यंत ऐकत राहिल्या.