तळाची मूठ

फार पूर्वी शंखपूर नगरीवर दृढवर्मा नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने नगरीबाहेरच्या एका पाणबुड्याच्या घरी जन्म घेतला. शंखपूरला नदी नव्हती आणि विहिरींचे पाणी खारे होते. गोड्या पाण्याचे एकच तळे होते, नीलसर. साऱ्या नगरीची तहान त्यावर भागे. तळ्याच्या मध्यावर, जिथे पाणी सर्वांत खोल होते, तिथे तळाशी एक झरा होता. त्याचे तोंड उघडे असेल तोवरच तळे जिवंत राहणार होते.

हे जाणून राजाच्या पणजोबाने एक रीत घालून दिली होती. दर वैशाखी पौर्णिमेला पाणबुड्याने झऱ्यापाशी बुडी मारायची आणि तळाची एक मूठ वर आणायची. काठावर नगरीतले पाच वृद्ध पंच बसत. ती मूठ हातोहात फिरे आणि प्रत्येक जण तिचा वास घेई. मातीला मातीचा वास आला तर पंच उठून घरी जात. कुजका वास आला तर त्याच दिवशी तळ्याकाठच्या रंगाऱ्यांच्या भट्ट्या विझत, आणि झरा मोकळा होईपर्यंत प्रत्येक घरातून रोज एक पाटी गाळ बाहेर काढला जाई.

पुढे शंखपूरच्या निळ्या कापडाला दूरदूरच्या देशांतून मागणी येऊ लागली. रंगाच्या हौदांचे पाट तळ्यात उतरले. अशातच एका वर्षी राणी हा सोहळा पाहायला आली. तिला दुर्गंधीचा त्रास नको म्हणून पंचांनी ती मूठ धुवायला लावली, तिच्यात चंदन आणि कापूर मिसळला आणि चांदीच्या तबकात ठेवली. सर्वांनी वास घेतला. कापराचा वास आला. सर्व संतुष्ट झाले. पुढच्या वर्षी राणी आली नाही, पण तबक आले. अशी तीस वर्षे गेली. जुने पंच वारले, त्यांच्या जागी नवे म्हातारे बसले. मूठ हुंगण्याऐवजी कपाळाला लावली जाऊ लागली. तळाचा खरा वास कसा असतो, हे त्या पाचांपैकी एकालाही माहीत नव्हते.

बोधिसत्त्वाचा बाप ती मूठ निमूटपणे धुऊन देत असे. त्याबद्दल त्याला काठावरचे एक शेत कसायला दिले होते. तो वारला, आणि त्या वर्षी बोधिसत्त्वाने पहिली बुडी मारली.

तळाशी त्याला झरा सापडेना. जिथे बापाच्या सांगण्याप्रमाणे पांढरी वाळू असायची तिथे काळा, मऊ, कमरेइतका गाळ होता. त्यात हात घातला की बुडबुडे सुटत. त्याने मूठ भरली, वर आला आणि ती तशीच, न धुता, तबकात ठेवली.

काठावरचे लोक मागे सरले. प्रमुख पंच सुमंगल श्रेष्ठी यांनी उपरणे नाकाला लावले.

"अरे, हे काय आणलंस? आणि हा वास कुणाचा, तुझा की मुठीचा?"

लोक हसले.

"तळाचा आहे, आजोबा," बोधिसत्त्व म्हणाला. "झरा बुजत आलाय. भट्ट्या आजच थांबवायला हव्यात."

"तुझा बाप शहाणा होता. धुऊन आणायचा. जा, धुऊन आण. शेत तुझ्याकडेच राहील."

बोधिसत्त्वाची धाकटी बहीण कुमुदी त्याची दोरी सांभाळत तराफ्यावर उभी होती. तिला राहवले नाही. "नाक आहे ना तुम्हाला? मग रीतीप्रमाणे वास घ्या की! एकदाच घ्या!"

"पोरी, आम्ही सत्तर उन्हाळे पाहिलेत या काठावर."

"काठावर बसूनच पाहिलेत ना? खाली कोण गेलं होतं?"

आता कोणी हसले नाही. बोधिसत्त्वाने बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला आणि शांतपणे सांगितले, "शेत परत घ्या, आजोबा. पण ही मूठ धुतली तर मी तुम्हाला तळ दाखवला असं होणार नाही."

शेत गेले. पाणबुड्याचे पदही गेले. ते त्याच्या एका चुलतभावाला मिळाले. त्याने त्याच दुपारी उथळ पाण्यातली माती आणून, धुऊन, कापूर लावून तबकात ठेवली. पंचांनी ती कपाळाला लावली आणि तळे निरोगी असल्याचे जाहीर केले.

दुसऱ्या दिवसापासून बोधिसत्त्व एक पाटी घेऊन झऱ्यावर बुड्या मारू लागला. दोरीला एक झटका म्हणजे पाटी ओढ, दोन झटके म्हणजे मला ओढ, असे भावाबहिणींचे ठरले होते. दिवसाला वीस पाट्या निघत. कपडे धुणाऱ्या बायका काठावरून ओरडत, "अगं कुमुदे, तुझा भाऊ तळ्याला आंघोळ घालतोय का?" कुमुदी उत्तर देत नसे. उत्तर द्यायला तिच्याकडे श्वास उरत नसे.

ज्येष्ठ लागला. पाण्यावर हिरवी साय धरली. एके सकाळी लोक घागरी घेऊन आले, तर हजारो मासे पाण्याच्या वर तोंडे काढून हवा पीत होते. ऊन चढेपर्यंत सगळे उलटे झाले होते. काठापासून मध्यापर्यंत नुसती पांढरी पोटे. बगळेसुद्धा त्यांना शिवेनात. जी चार लेकरे त्या दिवशी ते पाणी प्यायली, त्यांतली दोन वाचली नाहीत.

पंच घाईघाईने जमले. सुमंगल म्हणाले, "कुणी तळ ढवळला? यानेच ढवळला." आणि तीस वर्षांचा गाळ एका माणसाच्या माथी मारून ते मोकळे झाले. बोधिसत्त्वाला तळ्यात उतरायला बंदी झाली.

"चल, दादा, निघून जाऊ," कुमुदी म्हणाली. "पिऊ देत त्यांना त्यांचा कापूर."

"कापूर पंचांच्या घरी आहे, कुमुदे. पाणी लेकरं पितात. हात-दीड हात गाळ उरलाय."

भर दुपारी, सर्वांच्या देखत, तो उतरला. लोक काठावरून दगड मारीत होते. कुमुदीने सात पाट्या ओढल्या. आठवी आली नाही. बऱ्याच वेळाने दोरीला एक झटका बसला, मग दुसरा, अगदी हलका. तिने जीव खाऊन ओढले. बोधिसत्त्व वर आला तेव्हा त्याच्यात प्राण नव्हता. बाजूचा गाळ त्याच्यावर घसरला होता. त्याची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती.

कुमुदीने तराफा काठाशी आणला, तेव्हा सुमंगल श्रेष्ठी पाण्यात गुडघाभर चालत आले. त्यांनी स्वतः एकेक बोट उघडले. आत मूठभर पांढरी वाळू होती, थंडगार. त्यांनी ती नाकाशी नेली. कसलाच वास नव्हता. मग त्यांनी तराफ्यावरच्या पाटीतला काळा गाळ उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा हुंगला.

म्हातारा तिथेच ओकला. मग रडला.

"आता कळलं?" कुमुदीने विचारले.

त्या संध्याकाळी भट्ट्या विझल्या. घरोघरी पाट्या निघाल्या. सुमंगल मरेपर्यंत रोज एक पाटी वाहत राहिले. पण नीलसर पूर्वीसारखे झाले नाही. मासे आले नाहीत, कमळे आली नाहीत. फक्त झऱ्याभोवती, मध्यावर, एका अंगणाएवढे निर्मळ पाणी राहिले. नगरी त्यावर जगली, मोजके पाणी पिऊन. पाणबुड्याचे काम कुमुदीने घेतले, आणि दर वैशाखी पौर्णिमेला ती न धुतलेली मूठ एकेका पंचाच्या नाकाखाली धरत असे.

पुढे बुद्ध झालेल्या बोधिसत्त्वाने, म्हणजे शास्त्यांनी, ही गोष्ट एका विहारात सांगितली. तिथले काही वृद्ध भिक्षू चीवरांचा रंग पिण्याच्या पाण्याच्या पुष्करिणीत धूत असत. सोमिला नावाच्या तरुण भिक्षुणीने त्यांना हटकले, तेव्हा त्यांतले स्थविर कालक तिला "कालची पोर" म्हणून हसले होते.

शास्ते म्हणाले, "कालका, तेव्हाचा सुमंगल श्रेष्ठी तू होतास. उरलेले चार पंच आज तुझ्या बाजूला बसलेले आहेत. कुमुदी ही सोमिला, आणि तो पाणबुड्या मी. तेव्हा माझे सत्य तुझ्यापर्यंत पोहोचायला माझा श्वास पुरला नाही."

स्थविर कालक उठले, पुष्करिणीच्या पायऱ्या उतरले, खाली वाकून त्यांनी तळाची मूठ भरली आणि नाकाशी धरली. बराच वेळ धरली.

बोधिसत्त्वाने त्या जन्मी जी पूर्ण केली, ती सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता.