वनजेची परडी

एका राज्यात पाटीवर अक्षर टिकत नसे. मुलाने 'अ' काढून हात उचलावा, की पाटी कोरी. राजाने पाठशाळेची बाग काळजंघ मांत्रिकाला दिली नाही, त्याचा हा शाप होता. राजकन्या वनजा दसऱ्याला त्याच्या तीन परीक्षांत उतरली तरच शाप सुटणार होता. नाहीतर ती मैना होऊन त्याच्या पिंजऱ्यात जाणार होती. एक मैना तिथे आधीच होती.

पाठशाळेच्या शारंगपंतोजींना झोप लागेना. एके सकाळी वनजा देवीपुढे फुले मांडत होती. फुले काही पुसली जात नव्हती. पंतोजी हसले आणि त्यांनी पाठशाळेत परड्या मागवल्या. कण्हेरीच्या पाच पाकळ्यांवरून पाढे झाले, ताटात तगरीच्या माळांच्या नद्या वाहिल्या, देठ जुळवून अक्षरे झाली. एकाने विचारलेही, "पंतोजी, जास्वंद गणितात की भूगोलात?"

"आधी नाकातून काढ," पंतोजी म्हणाले.

दसऱ्याला देवीच्या अंगणात काळजंघाने विचारले, "सहा कण्हेरींच्या चार वेण्या. पाकळ्या किती?"

वनजेने एक वेणी मांडली, डोळे मिटले. "एकशे वीस."

मग त्याने राज्यातल्या नद्या मागितल्या. तिने त्या ताटात उगमापासून समुद्रापर्यंत नेल्या.

"आता देवीपुढे तुझे नाव लिही," तो म्हणाला आणि त्याने परडी लाथाडली. फुले मातीत पडली. मातीतले फूल देवीला चालत नाही, हे तिथे लहान पोरही जाणत होते. वनजेचे हात थांबले. उत्तर पंतोजींच्या ओठांवर आले.

काळजंघाच्या हातातल्या पिंजऱ्यातली मैना हळूच म्हणाली, "गप्प राहा, पंतोजी. माझ्या परीक्षेत गुरुजी बोलले, म्हणून मी इथे आहे."

पंतोजींनी जीभ दाताखाली धरली.

वनजा मातीतली फुले एकेक न्याहाळू लागली. मग खाली बसून तिने त्या पसाऱ्यातून फक्त प्राजक्त वेचला.

"हा तर देवीसाठी भुईवरूनच उचलतात," ती म्हणाली.

केशरी देठांची शिरोरेषा झाली, तिच्याखाली व, न, जा. वारा आला, अक्षर हलले नाही. काळजंघ धुरासारखा विरला. पिंजऱ्याचे दार उघडून एक मुलगी बाहेर आली आणि तिने आधी पंतोजींना नमस्कार केला.

त्या दिवसापासून पाटीवर अक्षरे टिकू लागली. तरी पंतोजी नव्या मुलाला पाटीआधी परडीच देत. तिथली मुले शिकली, तशी सगळ्यांची शिकोत.