मुंगीनं बी कुठं ठेवलं?

एक होती मुंगी. एवढीशी. शेजारी तीळ ठेवा, तीळच मोठा दिसेल.

धुरपामावशीच्या परसात होती अबोली. रानातून आलेली, कुंपणाशी रुजलेली. आता पार म्हातारी झालेली. एकच बोंड उरलं होतं.

दव पडलं. बोंड भिजलं. तट्ट! फुटलं.

इकडचं बी कोंबडीनं टिपलं. तिकडचं बी कोंबडीनं टिपलं. एक बी पडलं मुंगीपुढं.

अबोली म्हणाली, "मुंगीबाय, मुंगीबाय, माझं शेवटचं बी गं. वरवर ठेव हं. चिमूटभर माती पांघर. खोल ठेवलंस तर गुदमरेल."

"ठेवते की!"

बी घेतलं तोंडात. निघाली लुटुलुटु, लुटुलुटु.

पण मुंग्यांची खोड ठाऊक आहे ना? चांगलं दिसलं, की न्यायचं बिळात. पार तळाच्या खोलीत. मुंगीनं तेच केलं. बाहेर आली, तेव्हा आठवलं.

"अगं बाई! वरवर ठेवायचं होतं!"

वळली, तर धप्प! कोंबडीनं उकरलेलं ढेकूळ दारावर बसलं. बीळ बंद.

अबोलीनं विचारलं, "मुंगीबाय, बी कुठं गं?"

मुंगीची मान खाली. मिशा खाली. हळूच म्हणाली, "बी हरवलं बाई."

अबोलीचं एक पान गळलं. टप्.

मुंगी गेली ढेकळाकडे. लुटुलुटु, लुटुलुटु.

"ढेकूळदादा, ढेकूळदादा, सर ना!"

"मी नाही सरत जा! गांडूळ पोखरेल, तर सरेन."

मुंगी गेली गांडुळाकडे. लुटुलुटु, लुटुलुटु. मान खाली. मिशा खाली.

"बी हरवलं बाई,
ढेकूळ सरेना.
गांडूळदादा, पोखर ना!"

"मी नाही पोखरत जा! कोरड्यात अंग सोलवटतं माझं. पाणी सांडेल, तर पोखरेन."

मुंगी गेली कळशीतल्या पाण्याकडे. लुटुलुटु, लुटुलुटु. मान खाली. मिशा खाली.

"बी हरवलं बाई,
ढेकूळ सरेना,
गांडूळ पोखरेना.
पाणीबाय, सांड ना!"

"मी नाही सांडत जा! कळशी कलंडेल, तर सांडेन."

मुंगीनं वर पाहिलं.

"बी हरवलं बाई,
ढेकूळ सरेना,
गांडूळ पोखरेना,
पाणी सांडेना.
कळशीताई, कलंड ना!"

"मी नाही कलंडत जा! मावशी वाकवेल, तर कलंडेन."

धुरपामावशी भांडी घाशीत होती. खस् खस्, खस् खस्. मुंगी गेली तिच्यापाशी. मान खाली. मिशा खाली.

"बी हरवलं बाई,
ढेकूळ सरेना,
गांडूळ पोखरेना,
पाणी सांडेना,
कळशी कलंडेना.
मावशे, मावशे, वाकव ना!"

मावशीचा हात थांबला. "काय गं टिकले! बी हरवलं, तर ढेकूळ कशाला सरायला हवं?"

कुठं लपू, कुठं नको, असं झालं मुंगीला. लपायला बीळसुद्धा नाही!

मग म्हणाली, "हरवलं नाही, मावशे. मीच पुरलं. खोल पुरलं."

"अबोलीला सांगितलंस?"

"नाही. लाज वाटते."

"वाटणारच. लाज घेऊनच जा. मी आहे हो इथं, कळशीपाशी."

मुंगी गेली अबोलीकडे. आता लुटुलुटु नाही. हळू... हळू...

"अबोलीआई, बी हरवलं नाही. मीच खोल पुरलं. खोटं बोलले."

अबोली हलली. सळसळ. "मिशा खाली होत्या ना तुझ्या, तेव्हाच वाटलं मला. आता पळ! बी गुदमरतंय."

मावशीनं वाकवली कळशी. कळशी कलंडली. पाणी सांडलं, भळभळ. गांडूळ आलं, वळवळ. ढेकूळ पोखरलं. ढेकूळ सरलं, भस्स!

मुंगी गेली तळाला. बी आणलं वर. वरवर ठेवलं. चिमूटभर माती पांघरली. शेजारी बसून राहिली.

आज काही नाही. उद्या काही नाही. मावशी रोज ओंजळभर पाणी शिंपी.

आणि एका सकाळी, टुच्च! दोन पानं वर.

रोप वाढलं. फूल आलं. रंग कसा? लाजलेल्या गालासारखा!

अबोली म्हणाली, "मुंगीबाय, पहिला मध तुझा."

मुंगीनं मध चाखला. चट् चट्.

मान वर. मिशा वर.

बी रुजलं वर, खोटं पुरलं खाली, मुंगीची गोष्ट फुलाला आली.