तीन लाखांचं पाणी

सांगलीच्या बाळगोंडा शेटजींना मसाल्याच्या कारखान्यात हळद तपासायला माणूस हवा होता. अश्लेषा चौगुले रसायनशास्त्राची पदवी घेऊन आली आणि तिने महिना पंचवीस हजार मागितले.

शेटजी खो खो हसले. "बापाचे तीन लाख घालवून एवढंच शिकलीस? अगं, ही तपासणी मोबाइलवर फुकट दाखवतात!"

त्यांनी नव्या मालातली चिमूटभर हळद पेल्यात टाकली आणि वर ॲसिडचे थेंब सोडले. हळद लालभडक झाली.

"बघ, भेसळ! दिवाणजी, दोनशेच्या दोनशे पोती परत पाठवा!"

"दिवाणजीकाका, जरा थांबा," म्हणत अश्लेषाने त्याच पेल्यात भरपूर पाणी ओतलं. लाली पार गेली, हळद पुन्हा पिवळी झाली.

"ॲसिडनं अस्सल हळदसुद्धा लाल होते, शेटजी. पाणी घालूनही लाली टिकली, तर भेसळ."

शेटजींचा चेहरा पडला. "म्हणजे तीन लाख या पाण्याचे?"

"हो. ॲसिडपर्यंतचं फुकटच मिळतं."

शेटजी स्वतःच हसू लागले.

"दिवाणजी, पोती राहू द्या. ही पोरगीही राहू दे. माझा मोबाइल तेवढा परत पाठवा!"