रेवंतीचा नकार

एका राज्यात पाहुणा आला की त्याला गूळपाणी देत आणि एकच प्रश्न विचारत, "देश पालटता आला असता, तर कुठले झाला असता?" पाहुणा म्हणे, "हिमावतीचा." यजमान उसासा टाकून म्हणे, "आम्हीही." हीच तिथली रीत, हेच तिथले अगत्य.

हिमावती नगरी डोंगरापलीकडे होती. तिथे झाडांना बारा महिने फळे लागत, वाटांवरची धूळ सुगंधी होती, आणि तिथली माणसे म्हातारी झाली तरी उपदेश करीत नसत.

एकदा एक मांत्रिक त्या राज्यात पाहुणा म्हणून आला. सात घरी जेवला, सातही घरी तेच ऐकले. आठवे ताट राजाकडे. त्याने विचारले, "आणि महाराज, आपण?"

राजा म्हणाला, "हिमावतीचा साधा माळी झालो असतो, तरी धन्य झालो असतो."

मांत्रिकाने हातातला घास खाली ठेवला. "ज्याचे मन तिकडे, त्याचा देह इथे दगड होवो," असे बोलून तो हात न धुताच निघून गेला.

तेव्हापासून माणसे टाचांपासून दगड होऊ लागली. दगड डोळ्यांपर्यंत चढला की माणूस झोपेत थिजला. शेताशेतात डोंगराकडे तोंड केलेले पुतळे उभे राहिले.

त्या राज्यातल्या एका कोष्ट्याला दोन मुली, रेवंती आणि कुमुदा. धाकटी कुमुदा कमरेपर्यंत दगड झाली होती.

"ताई, तुझ्या टाचा बघू."

"काही नको."

"म्हणजे तुलाही!"

"मला तुझ्या आधीपासून. पण लाडाचं घोडं नेहमीच पुढे."

कुमुदा हसली आणि हसताहसता दगड बोटभर वर चढला. रेवंती तडक दरबारात गेली.

तिथे राजा खिडकीशी पुतळा होऊन उभा होता आणि त्याच्या सिंहासनावर बसलेली बोलकी साळुंकी सांगत होती, "हिमावतीने आपले म्हटले असता जो मनापासून नाही म्हणेल, त्याच्या शब्दाने शाप फुटेल."

वृद्ध अमात्य म्हणाले, "आम्ही तिघे अमात्य जाऊन नाही म्हणून आलो. देशप्रेमावर भाषणही केले."

"गाठोडी बांधून गेला होतात," साळुंकी म्हणाली.

"मी जाते," रेवंती म्हणाली.

"पोरी, जिथे मोठ्यांचे चालले नाही..."

"म्हणूनच जाते. तुम्ही बसा. बसणे तुम्हाला छान जमते."

दगडी टाचा खडखडवीत ती डोंगर चढली. पलीकडची हिरवाई दिसताच तिच्या पोटात आग पडली. तिथली पोरे अर्धे खाल्लेले फळ टाकून देत होती. तिथल्या मुली वाटेल त्या वाटेने एकट्या जात होत्या आणि कुणी त्यांना 'कुठे निघालीस?' म्हणत नव्हते. यांनाच का? आम्हाला का नाही? जळताजळता तिचे गुडघेही दगड झाले.

हिमावतीच्या पहिल्या दारावर बगळा होता. "आमची व्हायचे तर तुझ्या विहिरीच्या पाण्याची चव दे." तिने दिली. दार उघडले.

दुसऱ्या दारावर कासव होते. "तुझ्या गावच्या शिव्या दे." हे जड गेले, पण तिने एकेक करून सगळ्या दिल्या. दार उघडले.

तिसऱ्या दारात खुद्द राणी स्वर्णलेखा उभी होती, हातात चंदनाची वाटी. "हा टिळा लागला की तू आमची. पण तुझी जागा रिकामी राहणार नाही. तिथे मी जाईन."

"आपण? आमच्याकडे?"

"माझ्या स्फटिकात तुझे अंगण दिसते. आंब्याच्या कोयीवरून तुम्ही बहिणी भांडता, आणि मी इथे जळते. इथे सगळ्यांना सगळे पुरते, म्हणून कुणी कुणाशी भांडत नाही. आता कुमुदेला मी जपेन. तिच्या वेण्या घालीन. ती मलाच ताई म्हणेल."

"तिला कळेल."

"तिला तू आठवणार नाहीस."

रेवंतीच्या पोटातली आग गर्रकन फिरली.

"वेणी घालताना ती सारखी हलते."

"हलू दे. मी ओरडणार नाही."

"ओरडणार नाही? मग ती बसेल कशी? तिला काय आवडतं, कशाने रडते, तुम्हाला ठाऊक तरी आहे का? ताई म्हणे! माझी बहीण आहे ती! नाही! नाही म्हणजे नाही!"

वाटी दुभंगली. डोंगर हलला. रेवंतीचे गुडघे मोकळे झाले, टाचा मोकळ्या झाल्या, आणि तोंडात आधी एक शिवी आली, मग पाण्याची चव.

"आणि मी?" राणीने हळूच विचारले.

"पाहुणी म्हणून या," रेवंती म्हणाली. "भांडायला मिळेल. पण ताई मीच."

ती परतली तेव्हा पुतळे जांभया देत होते. राजाने घाटाची वाट सर्वांना खुली केली. ज्यांना हिमावतीचे व्हायचे होते ते हसतखेळत गेले, उरलेले नांगरणीला लागले. अमात्य म्हणाले, "आमच्या आशीर्वादाने झाले."

कुमुदा पाय झाडत उभी होती. "ताई, हिमावती खरंच सुंदर आहे?"

"आहे. आपल्यापेक्षा पुष्कळ."

"मग मी एकदा जाऊन येऊ?"

रेवंतीच्या पोटात पुन्हा भडका उडाला. तिने तो गिळला.

"जा. आता पाय आहेत तुला. फक्त तिथली राणी वेणी घालायला बोलावील, तर बसू नकोस."